एका मेणबत्तीच्या उजेडात

२८ ऑक्टोबर १८९३. शनिवारची रात्र. केंब्रिज विद्यापीठातील ‘चिटचॅट सोसायटी’ या छोट्याशा मंडळाची ६०१वी बैठक भरली होती. मंडळाचा शिरस्ता साधा होता. सभासदाच्या खोलीवर जमायचे, एकाने काही वाचायचे आणि मग रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायच्या. त्या रात्री वाचनाची पाळी किंग्ज कॉलेजच्या एकतीस वर्षांच्या डीनची होती. मध्ययुगीन हस्तलिखिते, जुन्या चर्चमधील रंगीत काचा, बायबलच्या बाहेर राहिलेले धर्मग्रंथ हे त्यांच्या व्यासंगाचे विषय. अशा माणसाने एखादा जडजंबाल निबंध वाचला असता, तर कुणालाच नवल वाटले नसते. त्यांनी वाचल्या त्या दोन भुताच्या गोष्टी. ऐकायला जेमतेम दहा-अकरा माणसे होती. त्यांपैकी ई. एफ. बेन्सन हा तरुण पुढे स्वतःच भयकथाकार म्हणून नावारूपाला आला.

मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स, म्हणजे ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरचे एम. आर. जेम्स आणि मित्रांचे ‘मॉन्टी’, यांच्या कथाकार म्हणून आयुष्याची सुरुवात ही अशी झाली. आज इंग्रजीतील भुताच्या गोष्टींचा विषय निघाला की त्यांचे नाव पहिल्या दोन-तीनांत येते. पण त्यांच्या कथा मुळात छापण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. त्या वाचून दाखवण्यासाठी होत्या. तेही ओळखीच्या, मोजक्या माणसांना, वर्षातून एकदा.

जेम्स यांचा जन्म १ ऑगस्ट १८६२ रोजी केंट परगण्यातील गुडनेस्टोन या गावी झाला. वडील हर्बर्ट जेम्स हे धर्मोपदेशक. चार भावंडांत मॉन्टी धाकटे. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब सफोक परगण्यातील ग्रेट लिव्हरमिअर येथे राहायला गेले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतचा हा सपाट, पाणथळ, वाऱ्याचा मुलूख. गावात तळे, दाट झाडी, जुने चर्च आणि त्याच्या आवारातील थडगी. जवळच बरी सेंट एडमंड्स येथे एका बलाढ्य मठाचे भग्नावशेष. या भूगोलाने त्यांना जन्मभर सोडले नाही. पुढे त्यांच्या कथांतील माणसे फ्रान्स, डेन्मार्क, स्वीडनपर्यंत हिंडली. पण लेखकाचा जीव सर्वांत जास्त रमला तो पूर्व किनाऱ्यावरील ओसाड वाळूत आणि लाटा अडवण्यासाठी रोवलेल्या लाकडी खुंटांच्या रांगांत.

शाळकरी वयातच जुन्या पोथ्यांचा नाद लागला. १८७६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते ईटनला गेले, १८८२ मध्ये किंग्ज कॉलेजात आले आणि १८८७ मध्ये तेथेच फेलो झाले. ईटनहून किंग्जला आणि अखेरीस किंग्जहून पुन्हा ईटनला, एवढाच काय तो या आयुष्याचा प्रवास. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला १९२६ मध्ये त्यांनी नावही याच दोन संस्थांचे दिले. लग्न केले नाही, राजकारणात पडले नाहीत. तात्त्विक वादविवादाचा तर त्यांना कंटाळाच होता. दोन विद्यार्थी एखाद्या गहन प्रश्नावर हमरीतुमरीला आले, की हे गृहस्थ टेबलावर टकटक करून त्यांना विचार करणे थांबवण्याची सूचना देत, अशी आठवण त्यांच्या समकालीनांनी नोंदवली आहे. ही वृत्ती सर्वांनाच रुचत असे, असे नाही. एवढ्या कुशाग्र बुद्धीच्या माणसाने आपल्या काळातील मोठ्या प्रश्नांकडे पाठ फिरवली, हा आक्षेप त्यांच्यावर हयातीतच घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता.

मात्र ज्या कामाला त्यांनी वाहून घेतले होते, ते काम डोंगराएवढे होते. केंब्रिजमधील कॉलेजे, ईटन, लॅम्बेथ पॅलेस, मँचेस्टरचे जॉन रायलंड्स ग्रंथालय अशा ठिकठिकाणच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी एकहाती तयार केल्या. हे काम १८९५ पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालू होते. कोणते पान कोणत्या मठातून आले, कुणाच्या हाती पडले, त्याचे काही भाग कुणी कापून नेले, याचा माग ते एखाद्या गुप्तहेरासारखा काढत. फिट्झविल्यम संग्रहालयाचे ते १८९३ ते १९०८ या काळात संचालक होते. बरी सेंट एडमंड्सच्या मठाचा तर त्यांनी इतका कसून अभ्यास केला, की त्यांच्या हाती लागलेल्या एका जुन्या नोंदीच्या आधारे तेथील मठाधिपतींच्या हरवलेल्या कबरी शतकांनंतर उत्खननात सापडल्या. जमिनीखाली गाडलेले वर आणणारा हा विद्वान आपल्या कथांतून मात्र अशा शोधाची किंमत काय मोजावी लागते, तेच सांगत राहिला. त्यांचे नायक बहुतेक त्यांच्यासारखेच असतात: अविवाहित, सुखवस्तू, पुस्तकी, थोडे हट्टी. कुणी जुनी वही विकत घेतो, कुणी थडगे उघडतो, कुणी पुरलेला मुकुट उकरतो, आणि मग त्या वस्तूचा मूळ धनी, किंवा त्याने नेमलेला राखणदार, मागे लागतो.

नाताळ आणि भुताच्या गोष्टी यांचे नाते इंग्लंडमध्ये जुने आहे. आपल्याकडे अशा गोष्टींना श्रावणातील पाऊस, गेलेली वीज आणि एखादी आजी लागते. तिकडे डिसेंबरची थंडी आणि शेकोटी लागते. डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहून या प्रथेला बाजारपेठ मिळवून दिली. जेम्स यांनी ती पुन्हा एका खोलीत आणून बसवली. नाताळच्या पूर्वसंध्येला कॉलेजमधील प्रार्थना आणि जेवण आटोपले, की मित्रमंडळी त्यांच्या खोलीवर जमत. गप्पा होत, कुणी पियानोवर बोटे फिरवी. मग जेम्स आतल्या खोलीत जात. बराच वेळ गेल्यावर हस्तलिखित हातात घेऊन बाहेर येत आणि एक सोडून बाकीच्या सर्व मेणबत्त्या विझवत. त्या एका मेणबत्तीच्या उजेडात, स्वतःलाच जेमतेम वाचता येईल अशा अक्षरातील गोष्ट ते वाचू लागत. पुष्कळदा ती त्याच दिवसांत घाईघाईने पुरी केलेली असे.

ते उत्तम नकलाकार होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. गावठी नोकर, बडबडी घरमालकीण, चर्चचा आढ्यताखोर सेवेकरी अशा पात्रांची तोंडे त्यांच्या कथांत अधूनमधून सुटतात आणि मूळ प्रसंग थोडा बाजूला पडतो. कागदावर वाचताना हे भाग लांबल्यासारखे वाटतात. तेच कुणी वाचून दाखवले, की त्यांचे प्रयोजन कळते. ऐकणारा हसतो, सैलावतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचे वाक्य येते.

हे पुढचे वाक्य कसे असते, हे पाहण्यासाठी ‘ओ, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’ ही कथा घेता येईल. पार्किन्स नावाचा तरुण प्राध्यापक सुटीत गोल्फ खेळायला किनाऱ्यावरील एका गावी येतो. (हे गाव म्हणजे सफोकमधील फेलिक्सस्टो.) भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नाही, आणि हे तो जरा जास्तच ठासून सांगत असतो. एका पडीक वास्तूच्या जोत्यात त्याला काशाची जुनी शिटी सापडते. ती तो फुंकतो. एवढेच. पुढे काय येते? रक्त नाही, किंकाळ्या नाहीत. हॉटेलच्या खोलीत दोन पलंग आहेत. एकावर प्राध्यापक झोपतो, दुसरा रिकामा आहे. सकाळी नोकराणी सांगते, की दोन्ही पलंगांवरच्या चादरी विस्कटलेल्या होत्या. शेवटी त्या रिकाम्या पलंगावरची चादरच उठून बसते आणि आंधळ्यासारखी चाचपडत त्याला शोधू लागते. स्वच्छ धुतलेल्या, परीटघडीच्या कापडाचे भय घालणे ही करामत जेम्स यांचीच. ज्या घरात ही गोष्ट ऐकली जाते, त्या घरातही पलंग असतो आणि चादरही असते.

ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, ही जाणीव या रचनेमागे आहे. म्हणून सुरुवात संथ आणि सरळ असते. तारखा, गावांची नावे, ग्रंथांची वर्णने इतक्या शांतपणे येतात, की सांगणाऱ्याच्या खरेपणाबद्दल शंका राहत नाही. भीतीची गोष्ट एखाद्या वाक्याच्या पोटात, जाता जाता येते आणि ती बहुधा डोळ्यांची नसते, स्पर्शाची असते. उशीखाली हात घातल्यावर काहीतरी ओलसर किंवा केसाळ लागणे. टेबलावर कोपराशेजारी आपला नसलेला हात दिसणे. जेम्स यांना स्वतःला कोळ्यांची विलक्षण भीती वाटे आणि ‘द ॲश-ट्री’ या कथेत त्यांनी ती पुरेपूर वसूल केली आहे. १९२४ मध्ये एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपले सूत्र मांडले. वातावरण आणि हळूहळू चढत जाणारा ताण हे दोन मुख्य घटक, पात्रे रोजच्या व्यवहारात रमलेली हवीत, आणि अनिष्टाने आधी फक्त डोके वर काढावे. संयमावर त्यांचा भर असे. आयरिश कथाकार शेरिडन ल फॅनू यांना ते गुरुस्थानी मानत. विस्मरणात गेलेल्या त्यांच्या कथा जुन्या नियतकालिकांतून शोधून जेम्स यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केल्या.

हे सगळे एका खोलीपुरतेच राहिले असते. ते पुस्तकात आले याला एक मित्र कारणीभूत आहे. जेम्स मॅकब्राइड हा किंग्जचा विद्यार्थी जेम्स यांच्याहून वयाने बारा-एक वर्षांनी लहान. तो वैद्यक शिकला, मग ते सोडून चित्रकलेकडे वळला. दोघांनी मिळून डेन्मार्क-स्वीडनच्या सहली केल्या. ‘नंबर थर्टीन’ आणि ‘काउंट मॅग्नस’ या कथा त्या प्रवासांचे फळ. आपल्या कथांसाठी मॅकब्राइडने चित्रे काढावीत आणि त्यांचे पुस्तक व्हावे, असे ठरले. त्याने काम सुरू केले. चार चित्रे पुरी झाली आणि जून १९०४ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर तो मरण पावला. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. पत्नी ग्वेंडोलिन गरोदर होती.

दुसऱ्या चित्रकाराकडून उरलेली चित्रे करून घेण्यास जेम्स यांनी नकार दिला. ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वरी’ हे पुस्तक त्याच वर्षअखेरीस आठ कथा आणि चारच चित्रे घेऊन बाहेर पडले. आजही चांगल्या आवृत्त्यांत ती चार चित्रे असतात. दोन कथांना प्रत्येकी दोन आणि बाकीच्या सहांना एकही नाही. या विजोडपणाचे कारण पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते. इंग्रजी भयसाहित्यातील हा मानदंड मुळात एका अकाली गेलेल्या मित्राचे स्मारक आहे. मॅकब्राइडच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या जेन या मुलीचे पालकत्व जेम्स यांनी स्वीकारले, तिच्यासाठी ‘द फाइव्ह जार्स’ ही बालकथा लिहिली आणि ग्वेंडोलिन यांना आयुष्यभर पत्रे लिहिली. ही पत्रे १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आली. ज्यांना जेम्स रूक्ष वाटतात, त्यांनी ती वाचावीत.

१९०५ मध्ये ते किंग्जचे प्रोव्होस्ट, म्हणजे कॉलेजचे प्रमुख झाले. १९११ मध्ये दुसरा संग्रह आला. १९१३ मध्ये विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

केंब्रिज रिकामे होऊ लागले. किंग्ज आणि क्लेअर या कॉलेजांच्या क्रिकेटच्या मैदानावर लष्करी रुग्णालय उभे राहिले. ज्या मुलांची नावे पटावर होती, त्यांची नावे मृतांच्या याद्यांत येऊ लागली. रूपर्ट ब्रूक हा किंग्जचा कवी एप्रिल १९१५ मध्ये गेला. युद्ध संपेपर्यंत विद्यापीठाचे दोन हजारांहून अधिक विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी मरण पावले. मेणबत्ती विझवून ज्यांच्यासाठी गोष्ट वाचायची, ती पिढीच राहिली नाही. १९१८च्या शरद ऋतूत जेम्स प्रोव्होस्ट म्हणून ईटनला परतले. त्या शाळेनेही आपली अकराशेहून अधिक मुले गमावली होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला किंग्जच्या चॅपेलमध्ये नव्या डीनने नाताळगीतांची आणि नऊ पाठांची प्रार्थना सुरू केली. पुढे नभोवाणीमुळे ती जगभर पोहोचली. नाताळच्या पूर्वसंध्येचा किंग्जमधील आवाज आता वेगळा होता.

या काळातील त्यांच्या एका लेखनाकडे भयकथांचे चाहते क्वचितच वळतात. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने एक स्मृतिपत्र पाठवायचे ठरवले. त्यावरील मजकूर असा हवा होता, की तो सरदाराच्या घरातही शोभावा आणि खाणकामगाराच्या घरातही. अनेकांना विचारून झाले, काही जमेना. अखेर पसंत पडला तो जेम्स यांचा मसुदा. काही मोजक्या ओळींचा, विशेषणे जवळजवळ नसलेला. पुढच्या पिढ्यांनी हे नाव विसरू नये, एवढेच शेवटी सांगणारा. खाली मृताचे नाव हाताने लिहिलेले असे. लाखो घरांच्या भिंतींवर हा कागद चौकटीत लागला. लेखकाचे नाव त्यावर नव्हते. त्यांच्या कथांतील मृतांना कुणी आपल्याला छेडू नये, एवढेच हवे असते. येथे त्यांना मृतांसाठी आठवणीची याचना करावी लागली.

युद्धानंतरच्या कथा कमी आहेत आणि वेगळ्याही आहेत. १९१९च्या संग्रहातील काही इतक्या आडवळणाने लिहिलेल्या आहेत, की ‘टू डॉक्टर्स’सारख्या कथेत नेमके घडले काय, याचा वाचकाला पत्ता लागत नाही. सूचकतेचाही अतिरेक होतो, तो असा. पण १९२५ मधील ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’ ही त्यांच्या सर्वोत्तम कथांपैकी एक. पूर्व किनाऱ्याचे परचक्रापासून रक्षण करणारा एक प्राचीन मुकुट एक तरुण उकरून काढतो. चूक कळल्यावर तो मुकुट परत पुरतोही. तरी त्याला क्षमा नाही. धुक्यात समुद्रकाठी धावत तो ज्याच्या मागे जातो, तो त्याचा मित्र नसतो. ही कथा महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत आली, हे ध्यानात घेतले की त्या तरुणाच्या मरणाला आणखी एक छटा येते.

ईटनला त्यांना नवे श्रोते मिळाले: शाळकरी मुले. जुलै १९२७ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर वर्बॅरो उपसागराकाठी ईटनच्या बालवीरांची छावणी होती. पासष्टीला आलेल्या प्रोव्होस्टनी तेथे शेकोटीभोवती बसलेल्या मुलांना ‘वेलिंग वेल’ ही कथा वाचून दाखवली. त्यात ईटनच्याच बालवीरांची छावणी आहे आणि निषिद्ध शेतात शिरणारा एक द्वाड मुलगा आहे. कथेतील मुलांवर काय गुदरते, हे ऐकल्यावर आपापल्या तंबूत जायचे होते. मुलांना हसवत हसवत घाबरवण्याची ती खुबी पाहिली, की चिटचॅटमधल्या रात्रीची आठवण होते.

१९३० मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला तो विद्वत्तेसाठी. १९३१ मध्ये सर्व कथांचा एकत्रित ग्रंथ निघाला. संख्या फक्त तीस. भुतांवर विश्वास आहे का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर एखाद्या सूचिकाराला शोभणारे होते: पुरावा तपासायची तयारी आहे, पटला तर मानू.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ईटनच्या शिष्यवृत्तीसाठी आलेल्या एका उंच मुलाच्या मुलाखतीच्या वेळी ते उपस्थित होते. मुलाला ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्याचे नाव क्रिस्टोफर ली. ‘ड्रॅक्युला’ म्हणून जगाला घाबरवून झाल्यावर हाच नट २००० साली बीबीसीच्या मालिकेत जेम्स यांच्या भूमिकेत, मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना गोष्टी सांगताना दिसला. त्याआधी १९६८ मध्ये जोनाथन मिलरने शिटीच्या कथेवर काढलेला दूरदर्शनपट आणि १९७१ ते १९७५ या काळात दर नाताळला बीबीसीने दाखवलेल्या पाच कथा गाजल्या. मिलरच्या चित्रपटातील प्राध्यापक मायकल हॉर्डर्न यांनी पुढे ध्वनिफितींसाठी जेम्स यांच्या कथा वाचल्या. पडद्यावर चादर उठून बसते तेव्हा ती अखेर चादरच दिसते. हॉर्डर्न यांच्या दमलेल्या, थोड्या खरखरीत आवाजात ती कशी दिसते, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. २००७ पासून ब्रिटनमध्ये या कथा स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्या आणि हौशी व व्यावसायिक वाचकांच्या ध्वनिमुद्रणांना पूर आला. रात्री दिवा मालवून, कानाला यंत्र लावून त्या आज ऐकल्या जातात. जेम्स यांच्या खोलीत निदान दहा माणसे एकत्र असत. आजचा श्रोता बहुधा एकटाच असतो.

१२ जून १९३६ रोजी ईटन येथे जेम्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लंडन मर्क्युरी’ मासिकात त्यांची ‘अ विन्येट’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. त्यात ना जुना ग्रंथ आहे, ना विद्वान. लिव्हरमिअरच्या घराची बाग, पलीकडे झाडी, मध्ये लाकडी फाटक. फाटकाला एक चौकोनी भोक. एका दुपारी एक लहान मुलगा त्या भोकाकडे पाहतो आणि पलीकडून एक चेहरा त्याच्याकडे पाहत असतो.